बारीक अक्षरांची चव

आमच्या कोमाग्ल गावाला पेपर यायचा तो विडीसाठी. शुक्रवारी दुपारी खालच्या कुंडियावा गावाहून ट्रक वर चढायचा. त्यात मीठ, साबण, माशांचे डबे आणि सगळ्यांच्या वर टाकलेला पेपरांचा एक गठ्ठा. राजधानीत, मोर्सबीला, जे कुणी विकत घेतलं नाही ते चार-पाच महिन्यांनी आमच्या डोंगरावर पोचायचं. केरेंगा आपल्या पत्र्याच्या दुकानात त्याच्या वीतभर लांब, चार बोटं रुंद पट्ट्या कापायचा. मग परसात वाळवलेली तमाखू त्या पट्ट्यांत गुंडाळून बाया-पुरुष, म्हातारेकोतारे, अख्खा गाव आठवडाभर धूर काढत बसायचा.

आणि ओढणारे काही साधेसुधे नव्हते. बारीक अक्षरांचा कागद सगळ्यांत गोड, हे कोमाग्लचं शेंबडं पोरही सांगेल. मथळ्याचा कागद जिभेवर चुरचुरतो. फोटो तर कडूजहर. एवढी शाई छातीत कोण घेणार? म्हणून केरेंगा फोटो कापून बाजूला टाकायचा. बाया ते घरी न्यायच्या आणि रताळ्याच्या खळीने कुडाला चिकटवायच्या, वारा आत येऊ नये म्हणून. घराघरात भिंतीवर कुठले कुठले मंत्री आणि फुटबॉलवाले दाटीवाटीने उभे असायचे, आणि त्यांची नावं गावाने कधीच ओढून टाकलेली असायची.

पण कात्री लागण्याआधी पेपर वाचला जाई. हा नियम सिउनेने घातला होता. सिउने साठीचा. तरुणपणी तो गोऱ्या कियापचा, म्हणजे मुलखावर नेमलेल्या सरकारी साहेबाचा, दुभाषा होता. साहेब इंग्रजीत ओरडायचा आणि सिउने ते आमच्या बोलीत थोडं गोड करून सांगायचा, त्यामुळेच त्या काळात गावातले तंटे लवकर मिटले असं अजून म्हणतात. देश स्वतंत्र झाला तेव्हा साहेब गेला आणि इंग्रजी येणारा माणूस गावात एकटा सिउने उरला. शाळेत शिकलेली पोरं शिकून झाली की खालीच राहत, वर कोण येतंय! तेव्हा शुक्रवारी सिउने दुकानासमोर पालथ्या पिंपावर बसायचा, पेपर उघडायचा, आणि समोर मांड्या घालून बसलेला गाव गप्प व्हायचा.

तीन वर्षांपूर्वी सिउनेच्या डोळ्यांत धुकं उतरलं. दुपारी डोंगराच्या माथ्यावरून आमच्या वाड्यांवर जसं उतरतं तसंच ते उतरलं, आधी कडांना, मग मधोमध. मथळ्याची अक्षरं दिसत राहिली. त्यांच्याखालचं सगळं राखाडी झालं. पहिल्यांदा हे ध्यानात आलं त्या शुक्रवारी 'जहाज उशिरा', एवढा मथळा त्याने वाचला आणि थांबला. चाळीस चेहरे त्याच्याकडे बघत होते. अगदी पुढे लुडविना होती, त्याच्या चुलतभावाची विधवा. तिचा नीमे किनाऱ्यावरच्या मळ्यात दोन वर्षांच्या करारावर गेला होता. बरोबरचे परत आले, तो आला नाही. त्याला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. दर शुक्रवारी ती पेपरात मुलगा शोधायला यायची.

सिउनेने डोळे मिटले. मिटल्याबरोबर जहाज आलंच. पांढरं, चर्चच्या घराएवढं, पाण्यावर झोपेत चालल्यासारखं चालणारं. समुद्र त्याने आयुष्यात एकदाच पाहिला होता, लाए बंदरात साहेबाबरोबर, जेमतेम अर्धा दिवस. पण तो त्याच्या आत कुठेतरी तसाच हलत राहिला होता. आणि जहाजाच्या कठड्याशी एक उंच पोरगा टेकून उभा होता, भुवईवर व्रण असलेला. सिउने म्हणाला, "इथे लिहिलंय, या जहाजावर आपल्या सिंबू मुलखाचा एक तरुण कामाला आहे. भुवईवर जुनी खूण आहे. त्याला दोन वेळा भात मिळतो. तो अजून बराच लांब जाणार आहे." लुडविनाने तोंडावर हात घेतला. ती त्या आठवड्यात सुतकाची माती अंगाला फासणार होती, तिने तो बेत सोडून दिला.

त्यानंतर सिउनेने मागे वळून पाहिलं नाही. त्याला थापाड्या म्हणावं तर तसं त्याला स्वतःला कधी वाटलं नाही. मथळा वाचायचा, डोळे मिटायचे आणि जे दिसेल ते सांगायचं, यात खोटं ते काय? त्याला खरंच दिसायचं. मडांगच्या बाजारात संध्याकाळी मासे शिंकायला लागत आणि कोळणी त्यांच्या नाकाला पानं लावत. एका बेटावर पाऊस इतका हळू पडे की बायका दोन थेंबांमधून कोरड्या निघून जात. गाव ऐकत राहायचा, विड्यांचा धूर दुकानाच्या पत्र्याखाली जमून बाहेरच्या धुक्यात मिसळायचा, आणि शुक्रवार संपल्यावर माणसं घरी जाताना जरा तरंगत जायची.

ज्या शुक्रवारची ही गोष्ट आहे त्या दिवशी मथळा होता, 'बेटावर डोंगरची माणसं'. सिउनेने डोळे मिटले आणि सांगितलं की समुद्रातल्या त्या बेटावर आपल्याकडची माणसं गेली आहेत आणि जमीन सपाट असल्यामुळे चढण कशी चढायची ते विसरली आहेत. संध्याकाळी ती एकमेकांच्या पाठीवर चढून सराव करतात. लोक हसून हसून लोळले. लुडविनाही हसली, डोळे पुसत हसली. मग केरेंगाने कात्री चालवली, ज्याने त्याने आपल्या पट्ट्या कानामागे खोवल्या, आणि लुडविना एक फोटो घेऊन घरी गेली. तिच्या घराच्या पूर्वेच्या कुडाला एक भोक पडलं होतं.

शनिवारी उजाडताना ती सिउनेच्या दारात उभी होती. अंगात चांगला झगा, पाठीवर कपाळावरून सोडलेली बिलुम, म्हणजे विणलेली पिशवी, तिच्यात भाजलेली रताळी. हातात तो फोटो, खळ अजून ओली.

"भाऊजी, उठा. नीमे आहे."

"कुठे?"

"ह्यात. तिसरा. चिकटवता चिकटवता बघितलं. एका पायावर दुसरा पाय ठेवून उभा आहे बघा. लहानपणापासून चुलीशी असाच उभा राहायचा, किती वेळा मारलं त्याला त्यावरून."

सिउनेने फोटो हातात घेतला. काळ्या-पांढऱ्या ढगांची एक रांग दिसली. "नीमेच आहे," तो म्हणाला. नाहीतर काय म्हणणार?

"कुठल्या बेटावर आहे ते सांगा. काल वाचलंत ना तुम्ही. ट्रक दुपारी खाली जाईल, मी त्यातून जाणार."

सिउनेने फोटो तिच्या हातात परत दिला. "नाव… नाव फोटोच्या खालच्या भागात असतं, वहिनी. तो कापला गेला."

"मग चला शोधायला. कुणाच्या तरी कानामागे असेल."

केरेंगाला उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, "काका, ते पान? त्याचा खालचा भाग मोंदोमामांनी नेला. बारीक अक्षरं दिसली की ते दुसऱ्या कुणाला हात लावू देतात होय!" मोंदो हा सिउनेच्या बायकोचा भाऊ. एव्हाना तो वरच्या मळ्यात गेलेला असणार. दोघं चढू लागली. लुडविना पुढे, सिउने मागे. सकाळचं धुकं अजून सुरूच्या झाडांत अडकून होतं, पायाखालची वाट हातभर दिसे आणि पुन्हा नाहीशी होई. सिउनेला वाटलं की आपण चालतच नाही आहोत, डोंगरच आपल्या पायांखालून हळूहळू खाली सरकतो आहे, आणि तो असाच सरकत राहावा, मोंदोचा मळा येऊच नये.

मळा आलाच. मोंदो रताळ्यांच्या वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला होता, तोंडात विडी, हातात जळतं लाकूड.

"मेव्हणे! पेटवू नका!" सिउने ओरडला.

"का? तुमच्या बहिणीचं लग्न आहे?" मोंदो म्हणाला. "दाजी, सकाळची पहिली विडी आहे. माणसाला जगू द्या की."

लुडविनाने ती त्याच्या ओठांतून काढूनच घेतली. तमाखू खाली सांडली. तिने पट्टी मांडीवर ठेवून तळव्याने सपाट केली, फोटोच्या खालच्या कडेला लावून पाहिली. कात्रीची वेडीवाकडी कड कडेला जुळली. बारीक, गच्च अक्षरांच्या आठ-नऊ ओळी होत्या.

"कानामागे अजून एक होती, ती काल रात्री ओढली," मोंदो अपराध्यासारखा म्हणाला. "ही मात्र अख्खी आहे."

"वाचा," लुडविना म्हणाली.

सिउनेने पट्टी डोळ्यांजवळ नेली. लांब धरली. उजेडाकडे वळवली. राखाडी, नुसतं राखाडी. आणि मग नेहमीसारखंच झालं. पापण्या जड झाल्या आणि आत एक बेट वर यायला लागलं. नारळीची झाडं, धूर सोडणारा डोंगर, धक्क्यावर उभा असलेला नीमे. रबाऊल, असं नाव जिभेच्या टोकावर येऊन बसलं. किती छान नाव! म्हटलं असतं तर वहिनीचा चेहरा उजळला असता. त्याने तोंड उघडलं, आणि त्याला तिचे पाय दिसले. जवळचं सगळं पुसट झालं होतं तरी ते दिसले, चिखलाने माखलेले, निघायला तयार. हे पाय रबाऊलला जातील. तिथल्या धक्क्यावर उभे राहून नीमेला शोधतील.

"मला दिसत नाही, वहिनी."

"काय दिसत नाही?"

"अक्षरं. दिसत नाहीत."

लुडविनाचा आवाज एकदम मऊ झाला, आजारी माणसाशी बोलताना होतो तसा. "भाऊजी, तुम्ही चांगले आहात. वाईट लिहिलं असेल तर सांगायला तुमची जीभ वळणार नाही, मला कळतं. पण मी ऐकीन. गेला का?"

"अहो, तसं नाही…"

"गेला." ती खाली बसली. तिने बिलुम बाजूला ठेवली, पाटाच्या कडेची पिवळी माती मूठभर घेतली आणि कपाळाला लावली. दुसरी मूठ गालांना. रडली नाही. शेतातलं एखादं राहून गेलेलं काम उरकावं तशी माती लावत होती. मोंदोने डोक्याला हात लावला आणि तो मोठ्याने रडायला लागला. आमच्याकडे सुतकात पुरुषही मोकळेपणी रडतात.

सिउनेने तिचं मनगट धरलं. "वहिनी, थांबा. तो गेला नाही. म्हणजे मला ठाऊक नाही. मला खरोखरच दिसत नाही हो! तीन वर्षं झाली."

"काल वाचलंत की."

"काल मथळा वाचला. मथळा दिसतो. बाकीचं माझं."

"तुमचं म्हणजे?"

"डोळे मिटले की दिसतं ते."

मोंदोचं रडणं थांबलं. "दाजी," तो म्हणाला, "मडांगचे शिंकणारे मासे?"

"तेसुद्धा."

"मासे शिंकत नाहीत?"

"मला माहीत नाही, मेव्हणे. शिंकतही असतील. पेपरात नव्हतं."

मोंदोला हे फार लागलं. तो वाफ्याकडे तोंड करून बसला. लुडविना मात्र हलली नाही. गालावरची माती अर्धी सुकली होती आणि तिच्या खालून तिचं तोंड नव्याने बघावं तसं दिसत होतं.

"आणि जहाज?" तिने विचारलं.

ह्या प्रश्नाची सिउनेला तीन वर्षं भीती वाटत होती, आणि आपल्याला भीती वाटते हेही त्याला आत्ताच कळलं. "जहाज नव्हतं," तो म्हणाला.

"भुवईवर खूण?"

"तुम्ही समोर बसला होतात."

धुकं वर उचललं गेलं आणि खाली दरीत नदी दिसायला लागली. लुडविना तिकडे बघत बोलली. "रोज संध्याकाळी चूल विझवताना मी त्याला त्या जहाजावर झोपवत होते. आज वारा आहे, आज त्याला थंडी वाजेल, असं म्हणत होते. तीन वर्षं. तू माझ्या पोराला पाण्यावर ठेवलंस, सिउने, आणि मी जमिनीवर शोधलंच नाही त्याला." भाऊजी नाही, तुम्ही नाही. नावाने हाक मारली. सिउनेला वाटलं की तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती उठली. पट्टीची बारीक घडी करून तिने मुठीत धरली. "खाली मिशनच्या दवाखान्यात सिस्टर आहे. तिला वाचता येतं. पण तिची बोली मला येत नाही. तेव्हा तू चल. डोळे नसले तरी तोंड आहे ना तुला?"

ट्रक दुपारी निघाला. कोबीच्या गोण्यांवर ती दोघं पाठीला पाठ लावून बसली. कोमाग्ल मागे पडलं, सुरूची झाडं मागे पडली, ढग रस्त्यावरून गुरांसारखे सावकाश बाजूला होत गेले. एरवी सिउने अशा प्रवासात डोळे मिटून कुठल्या कुठे जाऊन यायचा. आज त्याने डोळे उघडे ठेवले, आणि जे धूसर होतं ते धूसरच बघत बसला. त्याचा त्याला थकवा आला.

मिशनपाशी ड्रायव्हर आणखी गोण्या चढवायला थांबला. सिस्टर पिवेन दवाखान्याच्या ओट्यावर धुतलेली बँडेजं वाळत घालत होती. ती मानूस बेटावरची, वयाने लहान, आमच्या थंडीला वैतागलेली. लुडविनाच्या तोंडावरची माती बघून तिने आधी विचारलं, "कोण गेलं?"

"तेच विचारायला आलोय," सिउने म्हणाला.

सिस्टरने घडी उलगडली, तमाखूचा चुरा फुंकला आणि मनातल्या मनात वाचायला लागली. वाचता वाचता तिने एकदा लुडविनाकडे पाहिलं. मग ती खालच्या मुलखात चालणाऱ्या पिसिन भाषेत हळूहळू सांगू लागली आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबत गेली. सिउनेने ते आपल्या बोलीत उलटवायचं होतं. साहेबाच्या वेळची सवय जिभेवर आलीच: इथे थोडं मऊ करावं, इथलं गाळावं. त्याने ती गिळली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने जसं ऐकलं तसं सांगितलं.

"तिसरा तो नीमे. कोमाग्लचा. कारकार बेटावर नारळाच्या मळ्यात आहे. सहा वर्षं झाली."

"आहे?"

"आहे. पेपर छापला तेव्हा होता."

लुडविनाने ओट्याचा खांब धरला. "पुढे."

सिउनेने सिस्टरचं पुढचं वाक्य ऐकलं आणि तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग तो म्हणाला, "करार संपल्यावर आईला विचारून मग परत यायचं का ते ठरवायचं होतं त्याला. ह्याच पेपराच्या शेवटच्या पानावर लोकांचे निरोप छापतात. त्याने चार वेळा आईला निरोप दिला. एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हा आई मेली असं तो धरून चालला आहे. गेल्या नाताळात त्याने तिच्या नावाने डुक्कर कापलं आणि सगळ्या मळ्याला जेवू घातलं."

लुडविना म्हणाली, "केवढं डुक्कर?"

सिउनेने विचारलं. "तसं लिहिलेलं नाही."

"लहानच असणार. पहिल्यापासून हात आखडता त्याचा." ती हसली, आणि हसता हसताच तिच्या गालांवरच्या मातीला ओहोळ पडले. "मी मेले आणि मला पत्ता नाही! चार निरोप. गेले कुठे हे निरोप?"

"बारीक अक्षरांत असतात ते," सिउने म्हणाला. "शेवटच्या पानावर. तिथवर मी कधी गेलोच नाही. मथळा झाला की मी डोळे मिटायचो आणि केरेंगा कात्री घ्यायचा."

"शेवटचं पान," ती म्हणाली. "गोड असतं ते."

"हो."

तिने आपला उजवा हात पुढे धरला. दोन बोटं विडीने पिवळी झाली होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि सिउनेलाही ती बोटं स्पष्ट दिसली, कारण न दिसून चालण्यासारखं नव्हतं. "एखादा मीच ओढला असेन," ती म्हणाली. "पुढे बसून, तुझं ऐकत ऐकत." मग ती ओट्यावर बसली आणि रडली, अगदी मोठ्याने, जिवंत माणसासाठी रडतात तशी. सिस्टरने तिच्या खांद्यावर पांघरूण टाकलं. सिउने उभाच होता. क्षमा मागण्यासाठी आमच्या बोलीत जे शब्द आहेत ते डुकराशिवाय म्हणता येत नाहीत, आणि तिथे डुक्कर नव्हतं.

थोड्या वेळाने सिस्टर वही घेऊन आली. म्हणाली, "आपणही निरोप छापायला देऊ. ट्रकबरोबर आजच पाठवते. त्यांना विचार, काय लिहू?"

लुडविनाने नाक पुसलं. "लिही म्हणावं, मी मेले नाही. जाताना माझ्याशी भांडून गेलास, त्याचा राग अजून आहे."

"रागावर कसा विश्वास बसेल त्याचा?" सिउने दबकत म्हणाला. "मेलेली माणसं आपल्याकडे जास्त रागावतात."

"हेही खरं." तिने विचार केला. "मग लिही, डुक्कर फुकट घालवलंस. आता दुसरं पाळायला लाग."

सिस्टरने लिहून घेतलं आणि नाव-गाव घातलं. सिउने अजून घुटमळत होता. शेवटी तो म्हणाला, "सिस्टर, खाली आणखी एक ओळ लिही. ज्याला नीट दिसतं त्यानेच हे नीमेला वाचून दाखवावं. दुसऱ्या कुणी हात लावू नये. तिकडेही एखादा माझ्यासारखा पिंपावर बसलेला असेल."

सिस्टर लिहिता लिहिता थांबली. तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "काका, पण ज्याला दिसत नाही, तो ही ओळ तरी कशी वाचणार?"

लुडविनाने त्याच्या बाहीला हिसका दिला. "काय म्हणाली? उलटव."

त्याने शब्दाला शब्द उलटवलं. लुडविना ऐकून घेऊन थोडा वेळ वहीकडे बघत बसली, त्या काळ्या बारीक किड्यांच्या रांगांकडे. मग पांघरूण खांद्यावरून काढून तिने सिस्टरला परत दिलं, तोंडावरची माती झग्याच्या टोकाने खसाखसा पुसली आणि बिलुमचा पट्टा कपाळावर चढवला. रस्त्यावर ड्रायव्हर शेवटची गोणी चढवत होता.

"कागद पाठव म्हणावं," ती म्हणाली. "मीही निघते. दोघांतलं जे आधी पोचेल ते."

सिउनेने एवढंही उलटवून सांगितलं, आणि ती धूसर होऊन जायच्या आत तिच्या मागोमाग ट्रककडे चालायला लागला.